ओळख न दाखवणाऱ्या बाई

३ जून

ताई,

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. कुणी गेलं तर कळवायची आपल्या घरात काय रीत आहे ते मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, फोनवर, सगळं उरकल्यानंतर.

फोनच करणार होतो. पण दीड वर्ष आपण फोनवर एक शब्द बोललेलो नाही, आणि इतकी सुरळीत चाललेली गोष्ट मोडायला जिवावर आलं. म्हणून हे टपाल. कामापुरतंच लिहितोय. तू मुख्याध्यापिका होतीस, चौकशी समित्यांवर बसण्यात तुझं अर्धं आयुष्य गेलं. मला एवढंच सांग, की एखाद्याची तक्रार रास्त आहे की नाही हे समिती कशावरून ठरवते?

हकिकत अशी. आमच्या लिफ्ट कंपनीनं गेल्या वर्षी एक समुपदेशक बाई नेमल्या. तळमजल्यावर, स्टोअरच्या शेजारी, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवायचे त्या खोलीत त्या बसतात. आता तिथे मोडकी माणसं ठेवतात. दोन खुर्च्या, एक बुटकं टेबल, टिश्यूचा डबा, आणि घड्याळ अशा जागी, की ते बाईंना दिसावं, आपल्याला दिसू नये. ज्याला वाटेल त्यानं जावं, कुणी कुणाला विचारायचं नाही, अशी सोय. दारावर पाटी आहे 'संवाद कक्ष', पण ते नाव कुणी घेत नाही. सगळे 'रडघर' म्हणतात. हे नाव मी ठेवलं. कँटीनमध्ये एकदा सहज बोलून गेलो, दुपारपर्यंत ते कारखान्याच्या शेवटच्या शेडपर्यंत पोचलं. एवढ्या वेगानं आमची लिफ्टसुद्धा कुठे पोचत नाही.

तर आमच्या खात्यात एक जण आहे. माझ्याच वयाचा. चांगला माणूस, जरासा तिरकस. आमचं काम तुला ठाऊकच आहे. लिफ्ट बंद पडली की लोक चिडून पत्रं लिहितात आणि आम्ही गैरसोयीबद्दल दिलगिरी कळवतो. पाचव्या मजल्यावरचे एक आजोबा दर आठवड्याला लिहायचे. शेवटी या माणसानं त्यांना उत्तर धाडलं, 'आपल्या गुडघ्यांना मिळालेल्या व्यायामाबद्दल कंपनीतर्फे अभिनंदन.' आजोबांनी ते थेट मोठ्या साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी याला ताकीद दिली. इथवर ठीक होतं. पण त्यानंतर याचं काहीतरी भलतंच झालं. याला उत्तरंच लिहिता येईनात. अर्ध्या वाक्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. समोर चहा गार होऊन जायचा. मग एक दिवस कुणाला न सांगता हा रडघरात जायला लागला.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "सुरुवातीला तीन गोष्टी सांगते." पहिली सांगितली, की इथलं बोलणं इथेच राहतं. दुसरीसाठी तोंड उघडलं तेवढ्यात हा म्हणाला, "मॅडम, सूचना राहू द्या. लिफ्टमध्ये लावायच्या सूचना मीच लिहितो. त्या कुणी वाचत नाही, याचा पुरावा आहे माझ्याकडे." बाई हसल्या. मग काय, हा खूश. बोलतच सुटला.

तिसऱ्या खेपेला मात्र रडला. कशावरून, ते मला माहीत नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी लिफ्टमध्ये त्याच बाई. बरोबर हिशेबखात्यातले दोघं. बाईंनी याच्याकडे पाहिलं, आणि जणू भिंतीतलं बटण पाहावं तशी नजर फिरवून मजल्याचे आकडे बघत राहिल्या. मग कँटीनच्या रांगेत तेच. मग फाटकापाशी तेच. काल ज्या माणसानं तुमच्या टिश्यूंचा अर्धा डबा संपवला, त्याच्याकडे बघून निदान मान तरी हलवाल की नाही?

म्हणून त्याच्या वतीनं मी तक्रार केली. माझ्या सहीनं. रडघराचा उल्लेख अर्थातच टाळला. 'समुपदेशक बाई कर्मचाऱ्यांशी तुच्छतेनं वागतात, साधी ओळखही दाखवत नाहीत' एवढंच. जन्मभर लोकांच्या तक्रारी वाचल्या, स्वतः पहिल्यांदाच लिहायला बसलो, आणि काय झकास उतरली म्हणून सांगू! समिती नेमली गेली आहे.

उत्तर पाठव. चार ओळी पुरेत.

तुझा धाकटा

१४ जून

ताई,

उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे माझंच पत्र, परत. 'एक जण' या शब्दांखाली लाल रेघ, आणि समासात 'कोण?' दीड वर्षांनी सख्ख्या बहिणीचा पहिला शब्द, आणि त्यात अक्षरं दोन. शाळा सोडलीस पण लाल पेन काही सोडलं नाहीस.

बरं. मी.

तिरकस तो मीच. 'चांगला माणूस' हा भाग ऐकीव आहे.

आता पुढचं ऐक, कारण पुढचं वाईट आहे. सोमवारी मला एचआरच्या प्रमुखानं बोलावलं. त्याला आम्ही लोणी म्हणतो. तो माणसाला नोकरीवरून काढतो तेव्हाही इतकं मऊ बोलतो, की माणूस आभार मानून बाहेर पडतो आणि जिन्यात गेल्यावर त्याला कळतं काय झालं ते.

"या या या," लोणी म्हणाला. "बसा. तुमची तक्रार वाचली. काय भाषा आहे हो! फ्रेम करून लावावी."

"बाईंचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"तीच तर गंमत. त्या काही म्हणतच नाहीत! तुमचं नाव घेऊन विचारलं, या गृहस्थांना ओळखता का? तर म्हणे, 'माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी सांगत नाही.' मी म्हटलं, अहो बाई, येण्याचा संबंध कुठे आला? हा माणूस आणि रडघरात? त्यानंच तर बारसं केलंय त्या खोलीचं!"

आणि तो पोट धरून हसला. मीही हसलो. ताई, ते हसू इतकं सराईत निघालं, की माझं मलाच कसंतरी झालं.

"पण ओळख का दाखवत नाहीत?" मी विचारलं.

"नियम आहे म्हणे. खोलीबाहेर आपण होऊन कुणालाच ओळख द्यायची नाही. समोरच्यानं नमस्कार केला तर करायचा. नाहीतर चारचौघांना कळतं ना, बाई याला ओळखतात म्हणजे हा तिथे जातो. 'पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते' म्हणाल्या."

तर ही ती दुसरी गोष्ट. तिसरी काय होती, देव जाणे.

मी खुर्चीत जरा सरकून बसलो. लोणीला वाटलं मला पंखा हवाय. पंखा वाढवून तो जवळ वाकला आणि आवाज आणखी मऊ केला.

"तुम्ही आपले म्हणून सांगतो. मी कधीपासून त्यांच्याकडे नुसती नावं मागतोय. काय बोलतात ते नको, कोण येतं तेवढं द्या. पगार कंपनी देते, मग नावं कंपनीला नकोत? पुढे माणसं कमी करायची वेळ आली तर कोण कच्चं, कोण पक्कं, कळायला नको? पण नाही म्हणजे नाही. काढायचं तर निमित्त नव्हतं. आणि तुम्ही अगदी देवासारखे धावून आलात बघा."

माझ्या आयुष्यात मला देव म्हणणारा हा पहिला माणूस.

तू समित्यांवर बसलेली आहेस, तुला वेगळं सांगायला नको. बाईंना नोकरी वाचवायची तर एक वाक्य पुरे आहे, 'हे माझ्याकडे येतात, म्हणून मी ओळख दाखवली नाही.' ते वाक्य त्या बोलणार नाहीत. ते फक्त मला बोलता येईल. आणि ते समितीपुढे बोलायचं. लोणी, हिशेबखात्याच्या प्रमुख बाई, आणि कामगारांचा प्रतिनिधी म्हणून फोरमन. म्हणजे संध्याकाळच्या चहापर्यंत सगळा कारखाना. रडघराला नाव ठेवणारा तिथे जाऊन नाक पुसतो, हे कळल्यावर लोक मला सोडतील का? मी सोडलं असतं का?

तक्रार मागे घेतो म्हणालो. लोणी म्हणाला, "छे छे, आता ती समितीची झाली. मंगळवारी, तेवीस तारखेला बसतोय आपण."

तेव्हा मला एखादी धड सबब सुचव. समितीला पटेल अशी, आणि मला त्या खोलीचं नाव घ्यावं लागणार नाही अशी. तुझ्याकडे पोरांनी दिलेल्या सबबींचा साठा असेल, त्यातली एखादी कमी वापरलेली दे.

धाकटा

२३ जून

ताई,

शेवटच्या परिच्छेदावर आडवी काट, आणि 'सबब चालणार नाही.' अपेक्षितच होतं. पण त्याखाली आणखी एक ओळ होती, 'कशावरून रडलास?' ती पेन्सिलीनं आहे. लाल पेन हातात असताना तू ते ठेवून पेन्सिल शोधलीस, हे मी बराच वेळ बघत बसलो.

आधी समितीचं.

वरच्या मजल्यावरची ती लांब टेबलाची खोली. भिंतीवर आमच्या लिफ्टचे फोटो, आत माणूस एकही नाही, म्हणून इतक्या स्वच्छ. समुपदेशक बाई एका टोकाला बसल्या होत्या. हातात कागद नाही, काही नाही, फक्त पाण्याची बाटली. खोलीबाहेर मी त्यांना पहिल्यांदाच नीट पाहिलं. माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत. खोलीत तसं वाटत नाही.

"तर आपण सांगा," लोणी म्हणाला, "बाईंनी आपल्याला कसं कसं हिणवलं ते. सविस्तर. संकोच करू नका."

सुरुवातीला सोडायला मी दोन विनोद तयार ठेवले होते. ऐन वेळी एकही तोंडातून निघेना.

"मी यांच्याकडे जातो," मी म्हणालो.

"कुठे?"

"रडघरात."

फोरमनला ठसका लागला. हिशेबखात्याच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काय राव, गंमत करताय," लोणी म्हणाला, आणि तिघंही हसायच्या तयारीत माझ्याकडे बघायला लागले. जन्मभर गंमत केल्याचं हे फळ. मी खरं बोललो की लोक शेवटच्या वाक्याची वाट बघतात.

"गंमत नाही. दर बुधवारी जातो. स्टोअरमधून खिळे आणतो असं सांगून जातो. तक्रारींना उत्तरं देणाऱ्या खात्याला खिळे कशाला लागतात, हे आजवर कुणी विचारलं नाही, ते एक नशीब. बाहेर ओळख द्यायची नाही हा यांचा नियम आहे. त्या सांगत होत्या, मी ऐकून घेतलं नाही. यांनी मला हिणवलेलं नाही. या माझी अब्रू झाकत होत्या, आणि मी नेमकी त्याचीच तक्रार केली."

लोणी बाईंकडे वळला. "खरं आहे का हे?"

"ते त्यांनी सांगितलं," बाई म्हणाल्या. "मी काही सांगितलेलं नाही."

"अहो, पण आता ते स्वतःच कबूल करतायत! तुम्ही नुसतं हो म्हणा, विषय संपला."

"आज यांच्याबद्दल हो म्हटलं, तर उद्या ज्याच्याबद्दल मी गप्प बसेन तो येतो असं तुम्ही धरून चालाल. म्हणून मी कुणाबद्दलच बोलत नाही."

ताई, मी त्यांना वाचवायला छाती पुढे काढून उभा, आणि बाईंचा चेहरा तोच, लिफ्टमधला. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला, की पुन्हा एक तक्रार लिहावीशी वाटली.

"तरीसुद्धा," लोणी म्हणाला, "कंपनीचा विश्वास म्हणून काही असतं—"

"विश्वासाचं म्हणत असाल," मी म्हणालो, "तर तुम्ही यांच्याकडे नावं मागत होतात ते फोरमनसाहेबांना सांगू का?"

"कसली नावं?" फोरमन म्हणाला.

"काही नाही हो, ते आपलं—"

"कसली नावं, साहेब?"

लोणीनं समोरचे कागद गोळा करायला घेतले. हिशेबखात्याच्या बाई तोवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी पेन उचललं. "हे बघा, नियम पाळला म्हणून माणसाला काढायचं ठरलं, तर उद्या मला माझं अख्खं खातं घरी बसवावं लागेल. तक्रारीत काही उरलेलं नाही. कुठे सही करायची?"

"सुंदर," लोणी म्हणाला. "गैरसमज दूर झाला. आपल्याला हेच तर हवं होतं."

बाई राहिल्या. नावंही त्यांच्याकडेच राहिली.

दुपारी कँटीनमध्ये शिरलो तर सगळी टेबलं गप्प. आमच्या खात्यातल्या टायपिस्टनं कागदी रुमालांचा गठ्ठा माझ्यासमोर सरकवला. "असू द्या साहेब, जेवताना लागतील." सगळं कँटीन फुटलं. विनोद बरा होता. मी केला असता तर याहून बरा केला असता.

आता तुझी पेन्सिलीची ओळ.

बाबा गेले तेव्हा तू मला दुसऱ्या दिवशी कळवलंस. मी तीन तासांच्या अंतरावर होतो. त्या आठवड्यात रोज विचारत होतो, निघू का, आणि तू रोज म्हणायचीस, नको, बरे आहेत. का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणालीस, "आता त्याचं काय." एवढंच. मग मी फोन करणं बंद केलं. बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं. एवढा साधा प्रश्न. मी माणसं मोजायला लागलो आणि बाबांपाशी अडकलो.

मला राग आहे, ताई. तुझा. हे मी बाईंना सांगितलं, तुला सांगितलं नव्हतं.

धाकटा

२ जुलै

ताई,

तुझं पत्र आलं. खरंखुरं, तुझ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी भरलेलं. आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. काल खिशात घालून ऑफिसला नेलं.

काल बुधवार. खिळ्यांचं कारण न सांगता रडघरात गेलो. खात्यानं टाळ्या वाजवून निरोप दिला.

"बसा," बाई म्हणाल्या. "आधीच सांगते, आज आपण शेवटचे भेटतोय."

"मी तक्रार केली म्हणून?"

"केलीत म्हणून नाही. राग आला होता, केलीत. पण नंतर समितीपुढे ती स्वतःच खोडून काढलीत. आता तुम्ही माझ्यासाठी काहीतरी केलंय. पुढे माझा राग आला तर तो तुम्ही गिळाल. मला बरं वाटेल असं बोलाल. आणि मीही तुम्हाला टोचेल असा प्रश्न विचारताना दोनदा विचार करीन."

"म्हणजे मी तुमची नोकरी वाचवायची, आणि तुम्ही मला काढून टाकायचं."

"हो."

"निदान आभार तरी माना."

"मानले असते," म्हणाल्या, "पण मग तुम्ही त्यावर काहीतरी बोलला असतात, मी हसले असते, आणि आजचाही वेळ गेला असता."

खरं होतं. माझ्याकडे वाक्य तयार होतं.

त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. माझ्याहून वयानं मोठे आहेत. मी विचारलं, "त्यांना विनोद कळतात का?" म्हणाल्या, "कळतात. हसत नाहीत." पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे.

"अजून वेळ आहे आपल्याकडे," बाई म्हणाल्या. "कशाबद्दल बोलायचं?"

मी तुझं पत्र काढलं. सगळं नाही वाचलं. बाबा खितपत पडले होते त्या दिवसांबद्दल तू जे लिहिलंस, औषधं, अंथरूण, भावजींची रजा, ते माझ्यापुरतं ठेवलं. त्यातलं काहीच तू मला कधी ऐकवलं नव्हतंस. फक्त तो भाग वाचून दाखवला, जिथे बाबांनी तुला शपथ घातली, मला बोलवायचं नाही म्हणून. तू भांडलीस, आणि ते म्हणाले, "तो येईल. आल्याबरोबर मला हसवायला बघेल. मला आता हसायची ताकद नाही गं. मी हसलो नाही, तर त्याला कसं वाटेल?"

आणि हे त्याला कधी सांगू नकोस, असंही म्हणाले. म्हणून तू दीड वर्ष माझा राग अंगावर घेत बसलीस. एका वाक्यात सुटली असतीस.

वाचून झाल्यावर मी पत्राची घडी करून ते खिशात ठेवलं. त्यांना दिसणारं ते घड्याळ मी मान वळवून पाहिलं. आमची वेळ संपून गेली होती. त्या उठल्या नाहीत. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, पुढचा असेल. बाई म्हणाल्या, "थोडं थांबावं लागेल." मग आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

मी शनिवारी येतोय. सकाळच्या गाडीनं निघेन, जेवायला तिकडेच. आल्यावर मी विनोद करणार नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू, तू रेघ मारशील. करीन बहुतेक. सवय आहे.

पण तू हसलीच पाहिजेस असं नाही.

धाकटा